वाल आणि ब्लाऊज

तारीख १९. चार गिऱ्हाइकांची जीएसटी रिटर्न्स उद्यापर्यंत भरायची, त्यातल्या दोघांनी अजून बिलंसुद्धा धाडलेली नाहीत, आणि मी भर दुपारी फरशीवर पाय पसरून वाल सोलत बसले होते.

इलाज नव्हता. वाल परवा रात्री भिजत घातलेले, काल फडक्यात बांधून ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलेले, आणि आज सकाळी बघते तर फडक्याच्या विणीतून मोड डोकावतायत. मोड आलेल्या वालाला ‘जरा थांब, रिटर्न भरते’ असं सांगता येत नाही. रिटर्नला उशीर झाला तर लेट फी भरता येते. वाल आंबतात.

लेक सोफ्यावर आडवी. एफवायबीकॉमला आहे. छातीवर अर्थशास्त्राचं पुस्तक उपडं, कानात गाणी. मध्येच एक कान मोकळा करून म्हणाली, “आई, तू तासाचे किती घेतेस गं?”

सांगितले. तिने मनातल्या मनात गुणाकार केला आणि अर्धा किलो वालाचा जो भाव काढला, त्यात चौघं दादरला जेवून, वर पीयूष पिऊन आलो असतो.

“संधी खर्च, आई. एक करताना दुसरं जे सुटतं ना, ती त्याची खरी किंमत. स्टेशनबाहेर सोललेले मिळतात की.”

मिळतात. दादरला मिळतात, गिरगावात मिळतात, पार्ल्याला मिळतात. पांढऱ्या पिशवीत टपोऱ्या डाळिंब्या, घरी आणल्या की थेट फोडणीत. मी घेत नाही. कोणी विचारलं तर सांगते, त्या पाण्यात ठेवून जड केलेल्या असतात, निम्म्या मोडलेल्या असतात. असतीलही, नसतीलही. मी एकदाही घेऊन बघितलेलं नाही.

तिच्या पुस्तकात तोफा आणि लोणी होतं. पॉल सॅम्युएल्सनने १९४८ साली आपल्या पाठ्यपुस्तकात ते घातलं, तेव्हापासून कॉमर्सची पोरं त्याच तोफा आणि तेच लोणी गिरवतायत. देशाने तोफा जास्त केल्या की लोणी कमी होतं. मीही हेच शिकले होते, आणि तेव्हाही मला वाटलं होतं की इतक्या लांब कशाला जायचं? आमच्या घरी वाल आणि ब्लाऊज होते.

लालबागची चाळ, दुसरा मजला. बाबा पोस्टात. आई घरी ब्लाऊज शिवायची. तिचं पायमशीन खिडकीशी असायचं, कारण आमच्या दीड खोलीत उजेड असा तेवढाच. सकाळी दहा ते दुपारी तीन त्या खिडकीतून सरळ सुईवर ऊन पडायचं. त्या वेळात तिचा साधा ब्लाऊज तीन तासांत हातावेगळा व्हायचा, हुक आणि काजं धरून. तीननंतर समोरच्या इमारतीची सावली यायची. त्याच ब्लाऊजला मग पाच तास, शिवाय एक बाही उसवणं नक्की. वाल मात्र अंधारातही सोलता येतात, त्याला डोळे लागतच नाहीत. पुस्तकात तोफा-लोण्याची ती रेघ पोटाकडून फुगलेली का काढतात, हे मास्तरांनी फळ्यावर दोनदा समजावलं होतं. माझ्या डोक्यात ते शिरलं, कारण मला आमची खिडकी दिसली. उजेडातला ब्लाऊज थोड्या वालावर निभायचा, सावलीतला पातेलंभर वाल खायचा.

आणि आमच्याकडे वाल फार. आजोळ अलिबागकडचं. भात कापलं की त्याच शेतात वाल टाकायचे. जमिनीत उरलेल्या ओलीवर येतात, पाणी द्यावं लागत नाही. मामा म्हणायचा, “हे फुकटचं पीक.” फुकटचं जमिनीला असेल. सोलणाऱ्याला विचारा.

सोलायला १२ नंबरच्या काकी. काकी म्हणजे नात्यातल्या कोणी नव्हेत. चाळीत सगळ्या काकीच. दुपारी जेवणं उरकली की त्या पितळी घमेलं घेऊन गॅलरीत आमच्या दाराशी बसायच्या. कोमट पाण्यात मोडाचे वाल, एक दाणा अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत, जरा दाब, की साल बोटात आणि डाळिंबी पलीकडच्या ताटात टणकन. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख कडेने तपकिरी-जांभळं झालेलं असायचं. ते दिवाळीतही तसंच. मला वाटायचं मेंदी आहे.

खरं सांगायचं तर वाल सोलण्यातही आई जास्त चपळ होती. अर्धा किलो तिला पाऊण तास, काकींना पुरा एक. आणि ब्लाऊज? काकींकडे मशीन नव्हतं. हातशिलाईने त्यांचा एक ब्लाऊज आठ तास खायचा, वर काखेत घट्ट व्हायचा. म्हणजे दोन्हीकडे आई सरस. तरीही ठरलं असं की काकींनी आमचे वाल सोलायचे आणि आईने त्यांचे ब्लाऊज शिवायचे. सहा वेळा वाल, एक ब्लाऊज. हा सहाचा आकडा कोणी ठरवला कोण जाणे, पण मी पुढे अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिला आणि चाट पडले. तीन तासांच्या ब्लाऊजमागे आईचे साडेचार तास वाचत होते. सहा तास वाल सोलून काकींचे आठ वाचत होते. आईचा दीड तास नफा, काकींचे दोन. दोघीही चौथी पास.

हेच गणित डेव्हिड रिकार्डोने १८१७ साली मांडलं. लंडनच्या शेअर बाजारातला माणूस, पूर्वज मूळचे पोर्तुगीज ज्यू. त्याच्या उदाहरणात पोर्तुगाल दोन्हीकडे सरस. वर्षभराची दारू काढायला पोर्तुगालला ८० माणसं लागतात, इंग्लंडला १२०. कापडाला पोर्तुगालला ९०, इंग्लंडला १००. तरी पोर्तुगालने दारू करावी, इंग्लंडने कापड विणावं, आणि अदलाबदल करावी. आई म्हणजे पोर्तुगाल, काकी म्हणजे इंग्लंड. हे मी वर्गात मोठ्याने म्हटलं नाही, नाहीतर जन्माचं नाव पडलं असतं.

गंमत अशी की हेच दोघे देश आमच्या या बेटांचेही व्याही. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली आणि राजाने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंडांच्या भाड्याने कंपनीकडे सोपवली. दहा पौंड! पागडीच्या भाड्याची सवय या शहराला उगाच नाही. पुढे साहेबाने याच हिशोबाने आपल्याला वाटून दिलं : तुम्ही कापूस पाठवा, कापड आम्ही पाठवतो. कापूस तुमचा छान येतो. तसा छान येतही होता. पण १८५४ मध्ये कावसजी दावरांनी ताडदेवला गिरणी घातली. यंत्रं विलायतेचीच. ज्याच्या हाताला मशीन लागलं त्याला गणित वेगळं येतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नसणार.

त्या गिरण्यांतल्याच एकीत काकींचे यजमान, काका, साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणायचे.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंत, अडीच लाख गिरणी कामगार. मी पाचवीत होते. पहिले काही दिवस भोंगा नाही म्हणून चाळीला उशिरा जाग यायची, तेवढाच काय तो फरक मला कळला. मग काका दिवसा गॅलरीत दिसू लागले. पावसाळा आला तरी दिसत होते. श्रावणात काकी आमचं घमेलं घेऊन बसल्या ते बघून मला बरं वाटलं होतं, तेही आठवतं. पण आता त्या आमचे उरकून आणखी दोन घमेली पुढ्यात ओढायच्या. बाजारातल्या एका बाईकडून किलोवर वाल आणायच्या आणि सोलून परत द्यायच्या. सहाला एक वगैरे आता कोणी मोजत नव्हतं. काकींना नवा ब्लाऊज नकोच होता, पैसे हवे होते.

त्याच सुमाराची एक दुपार. मी खिडकीशी भूगोलाचा नकाशा भरत होते. काकी दारात उभ्या. आत येईनात. हाताला लागलेलं पाणी पदराला पुसत म्हणाल्या, “वैनी, एक विचारू? दुपारची दोन तास मशीन रिकामी असते तेव्हा मला जरा शिकवाल? फॉल-बिडिंग, परकर, असलं साधं. धागा माझा मी आणीन.”

आई हुक लावत होती. दातात सुई. सुई काढून हुक पूर्ण लावला, धागा तोडला, मग म्हणाली, “जुनी मशीन आहे हो वैनी. नवा हात बसला की सुई मोडते. आणि तुमच्या हाताला वाल किती बरे सुटतात!”

काकी हसल्या. “ते आहेच,” म्हणाल्या आणि घमेल्याशी जाऊन बसल्या. संपला. एवढाच प्रसंग. मी अरबी समुद्र निळा करत राहिले.

संप कधी मागे घेतलाच गेला नाही, असं लालबागमध्ये अजून म्हणतात. काका परत कामावर गेले नाहीत. खोली विकून ते दोघं चिपळूणकडे गावी गेले तेव्हा मी दहावीत होते. गिरणीच्या जागेचं मात्र पुढे सोनं झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने त्या जमिनी विकायची वाट मोकळी केली. जिथे साचे होते त्या जागेवर कापड विणत बसणं म्हणजे किती कोटींवर पाणी सोडणं, हे तोवर भल्याभल्यांनी अगदी चौरस फुटात काढून ठेवलं होतं. जमिनीचा संधी खर्च या शहरात पानवाल्यालाही तोंडपाठ असतो.

“आई, ताट भरलं,” लेक म्हणाली. डाळिंब्या कडेवरून सांडत होत्या.

माझी आई आता आमच्याकडेच असते. त्या दुपारी ती पलंगावर भिंतीला टेकून आमचं सगळं ऐकत होती. ऐकू कमी येतं असं ती सांगते, पण ते सोयीने. मशीन केव्हाच विकलं, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, हात मात्र अजून रिकामा बसत नाही. मघाशीच चार मुठी वाल मागून घेऊन तिने माझ्या आधी सोलून टाकले होते.

मी विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं आणि आजही विचारायचं ठरवलं नव्हतं. “आई, १२ नंबरच्या काकींना तू मशीन का गं नाही शिकवलंस?”

मला वाटलं, कोण काकी म्हणेल. किंवा सुई मोडायची म्हणेल.

तिने बोटातली साल माझ्या घमेल्यात टाकली. म्हणाली, “मग वाल कोणी सोलले असते?”

लेकीने दुसऱ्याही कानातलं काढलं. आजीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आई चिमटीत पुढचा दाणा धरून खिडकीबाहेर बघत होती. ती चेष्टेने म्हणाली की नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही, आणि परत विचारायचा धीर झाला नाही.

मी ताट उचलून ओट्यावर नेलं. खोबरं खवायचं होतं, आमसुलं भिजत घालायची होती. हात धुतले तरी अंगठ्याच्या नखाची कड तपकिरी-जांभळी राहिलीच. रात्री अकरापर्यंत दोन रिटर्न्स झाली, उरलेल्या दोघांची बिलं काही आली नाहीत. बिरडं जरा कडवट झालं. लेकीने वर गूळ मागून घेतला.