शेजारच्या सिगारेटचा धूर: आधी हवा बघा, मग भिंत

रो-हाउसच्या मागच्या अंगणात शेजारचा धूर यायला लागला की बहुतेक जण पहिल्यांदा हिरवी शेडनेट आणतात. पैसे वाया. सिगारेटच्या धुराचे बहुतेक कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात; शेडनेटची भोकं म्हणजे त्यांना गावची वेस. कुंड्यांची रांग आणि भिंतीवर चढवलेला वेल यांचंही तसंच. शेजारी दिसेनासा होतो, वास येतच राहतो.

दहा रुपयांच्या उदबत्तीनं सुरुवात करा. शेजारी ज्या वेळी ओढतात, त्याच वेळी ती कुंपणाच्या भिंतीशी, बसायच्या जागी आणि मागच्या दाराच्या फटीशी धरा. दाराच्या खालच्या आणि वरच्या, दोन्ही फटी तपासा. धुराची रेघ कुठे वळते ते कागदावर लिहून ठेवा, आणि सकाळी एकदा, रात्री एकदा बघा. कोकणपट्टीत दिवसा वारा समुद्राकडून येतो आणि रात्री जमिनीकडून, म्हणजे त्रास देणारा शेजारी वेळेनुसार बदलू शकतो! देशावर हिवाळ्यातल्या शांत रात्री गार हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर तिच्यात रेंगाळतो.

रेघ दाराच्या आत वळत असेल, तर दोष बहुधा आपल्याच घराचा. डक्ट बाहेर काढलेली किचन चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट घरातली हवा बाहेर फेकतात. तेवढी हवा कुठून तरी आत यायलाच हवी. पुढच्या खिडक्या बंद असतील तर ती मागच्या दारातून येते, धुरासकट. चिमणी चालू करताना पुढची एक खिडकी निदान फूटभर उघडा आणि मागचं दार लावून घ्या. त्याहून चांगलं म्हणजे पुढच्या खिडकीत टेबलफॅन आतल्या दिशेनं लावा आणि मागचं दार चार बोटं उघडं ठेवा. उदबत्ती पुन्हा धरा, रेघ आता बाहेर झुकली पाहिजे. झुकली नाही तर बहुधा कुठला तरी एक्झॉस्ट चालू राहिलाय. दाराखालच्या फटीला ब्रशची पट्टी आणि एसीच्या पाइपभोवतीच्या भोकाला पीयू फोम (फुगून भोक बुजवणारा), हे नंतर. घर आत ओढतंय तोवर एक फट बुजवली की हवा दुसरीतून येते.

अंगणात बसायचं असेल तर 16 इंची पेडस्टल फॅन पाठीमागे, घराच्या बाजूला, खुर्चीपासून चार-पाच फुटांवर ठेवा, तोंड कुंपणाकडे. नेहमीची चूक म्हणजे फॅन कुंपणाशी ठेवून स्वतःकडे तोंड करणं. तो मागून धूर ओढतो आणि थेट अंगावर आणून सोडतो. फॅनचा झोत शेजाऱ्यांच्या खिडकीवर मात्र रोखू नका, नाहीतर धुराचं भांडण फॅनचं होईल. झोपाळा भिंतीला लागून असेल तर तो आधी हलवा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत उघड्यावर एका सिगारेटचा धूर साधारण दोन मीटरपलीकडे खूप विरळ झालेला दिसला. हे अंतर वाऱ्यावर अवलंबून असतं, पण सात-आठ फूट लांब सरकणं हा फुकटातला सगळ्यात मोठा फायदा.

भिंतीवर पॉलिकार्बोनेटचे पत्रे चढवायचे असतील तर सोसायटीची आणि नगरपालिकेची परवानगी बघा, आणि वाऱ्याचा हिशोब करा. ताशी 72 किलोमीटरच्या वाऱ्यात 8 बाय 6 फुटांच्या पत्र्यावर सुमारे 110 किलोचा रेटा येतो. भिंतीत नुसते अँकर ठोकून हे भागत नाही, खांब जमिनीत गाडावे लागतात. एवढं करूनही धूर वरून येऊन आपल्याकडे उतरतोच.

म्हणून बोलणं स्वस्त पडतं. कायद्याचा धाक घालू नका. 2003 च्या तंबाखू कायद्यात सार्वजनिक जागी ओढायला बंदी आहे. स्वतःच्या घराचं अंगण त्यात येत नाही. “काका, रात्री जेवणानंतर तुम्ही इथे उभे राहता ना, तो धूर आमच्या बेडरूममध्ये येतो. त्या कोपऱ्यात ओढाल का?” एवढं पुरे, पण हे हातात सिगारेट नसताना बोला. सोबत वाळू भरलेली एक कुंडी द्या आणि ती लांबच्या कोपऱ्यात ठेवायला सांगा. राखदाणी असते तिथेच माणूस उभा राहतो. वाळूत खुपसलेलं थोटूक लगेच विझतं, ताटलीतलं मात्र धुमसत राहतं.

एअर प्युरिफायर बंद खोलीपुरताच. 10 बाय 12 ची, 10 फूट उंच खोली म्हणजे 34 घनमीटर. तासाला पाच वेळा हवा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, निदान 170 घनमीटर असायला हवा. हेपा फिल्टर कण धरतो, वास धरत नाही. वासासाठी दाणेदार अ‍ॅक्टिव्हेटेड कोळशाचा जाड थर लागतो. काळी स्पंजसारखी पातळ जाळी लवकर भरते आणि मग खोलीला शिळ्या सिगारेटचा वास येऊ लागतो. ओझोन सोडणारं यंत्र अजिबात घेऊ नका.