व्हर्च्युअल मशीनवरचा डेटाबेस आणि उद्यमबागेतली महिनाअखेर

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतल्या एका फाउंड्रीचा पोस्टग्रेस डेटाबेस मी गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या सर्व्हरवरून व्हर्च्युअल मशीनवर (एका खऱ्या संगणकात सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या वेगळ्या संगणकावर) हलवला, आणि पहिल्याच महिनाअखेरीला तिथल्या हिशेबनीस बाईंचा फोन आला, "सर, बिलं निघेनात की ओ." तेव्हा मी जे केले त्याची आजही थोडी लाज वाटते. मी मशीनचे व्हर्च्युअल सीपीयू चारवरून आठ केले, आणि बिले आणखी रेंगाळू लागली.

होस्टमध्ये, म्हणजे ही मशीन ज्यावर चालतात त्या खऱ्या संगणकात, मुळात आठच कोअर होते आणि त्यांवर आणखी तीन मशीन चालत होती. डेटाबेसच्या ज्या प्रोसेसने एखादे लॉक (काम होईपर्यंत इतरांना थांबवून ठेवणारे कुलूप) धरले आहे, तिचाच सीपीयू होस्टने मधेच काढून दुसऱ्या मशीनला दिला, तर त्या लॉकसाठी थांबलेल्या बाकीच्या प्रोसेस नुसत्या खोळंबतात, आणि व्हर्च्युअल सीपीयू जितके जास्त तितकी ही शक्यता वाढते. लिनक्सच्या टॉप कमांडमध्ये 'एसटी' नावाचा रकाना असतो. आपल्याला हवा असताना होस्टने न दिलेला वेळ तो दाखवतो. तो मी आधी पाहायला हवा होता. सीपीयू पुन्हा चार केले, तेव्हा तो आकडा खाली आला.

मेमरीबाबत माझे मत आता ठाम आहे: डेटाबेसच्या मशीनला थोडी कमी मेमरी द्यावी, पण ती पूर्णपणे राखीव द्यावी. डेटाबेस ज्या पानांना (मेमरीच्या तुकड्यांना) मेमरीतली समजून भराभर वाचायला जातो, ती होस्टने गुपचूप स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या जागेत, टाकलेली असली, तर आतून काहीच दिसत नाही आणि क्वेरी मात्र अडखळते.

इतके करूनही बिले मनासारखी निघत नव्हती, म्हणून डिस्ककडे वळलो. व्हर्टआयओ हा व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला ड्रायव्हर आधीच होता. सहज म्हणून घेतलेला आणि विसरलेला एक जुना स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणीची जपून ठेवलेली स्थिती) काढून टाकला, त्याने थोडा फरक पडला. मग पोस्टग्रेससोबत येणारे एफसिंक (लिहिलेले खरोखर डिस्कवर पोहोचवून घेणे) किती वेगाने होते ते मोजण्याचे साधन आधी मशीनमध्ये आणि नंतर थेट होस्टवर चालवले, तर दोन्हीकडे जवळपास तोच आकडा आला, सेकंदाला शंभराच्या आसपास. म्हणजे दोष व्हर्च्युअलायझेशनचा नव्हताच. मिनिटाला ७२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा फिरते, आणि कमिट झाल्यावर, म्हणजे व्यवहार पक्का केल्यावर, नोंद खरोखर तबकडीवर पोहोचेपर्यंत थांबायचे असेल, तर एकामागून एक होणाऱ्या कमिटचा वेग साधारण तेवढ्यावरच अडतो. आमचे सॉफ्टवेअर प्रत्येक बिल स्वतंत्रपणे कमिट करत होते.

होस्ट वापरलेला म्हणून स्वस्तात घेतला होता. त्याच्या रेड कार्डावर (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डावर) लेखनासाठी कॅश, म्हणजे तात्पुरती वेगवान मेमरी, असते आणि करंट गेला तरी ती टिकावी म्हणून कार्डाला एक छोटी बॅटरी असते. ती बॅटरी मेलेली होती. अशा वेळी कार्ड मुकाट्याने कॅश बाजूला ठेवून थेट डिस्कवर लिहू लागते; चूक दाखवत नाही, फक्त हळू होते. कार्डाचे हे वागणे शहाणपणाचेच आहे, हे मला मान्य करावे लागले.

नवी बॅटरी येईपर्यंत एफसिंक बंद ठेवा, असे एका मित्राने सुचवले. बेळगावच्या जुलैत, जिथे पावसाच्या एका सरीबरोबर करंट जातो, तिथे हा सल्ला म्हणजे सगळा डेटाबेसच मोडून घेण्याची तयारी होती. त्याऐवजी बिलांच्या प्रोग्रामपुरते सिंक्रोनस कमिट (प्रत्येक कमिट डिस्कवर पोहोचेपर्यंत थांबणे) बंद केले, कारण त्यात फार तर शेवटची काही बिले हरवतात आणि ती पुन्हा काढता येतात, बाकीचा डेटा शाबूत राहतो.

बॅटरी आली, बसवली, आणि ती तडजोड काढून टाकली. फाउंड्रीच्या ऑफिसात भिंतीवरच्या कॅलेंडरवर इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायची तारीख दर महिन्याला लाल शाईने लिहिलेली असते. त्याखाली आता बाईंनी 'कार्डाची बॅटरी बघणे' असेही लिहिले आहे.