तुम्ही विचारलंत म्हणून: 'एक चतुर नार' आणि हरणाऱ्याचा गळा

गॅदरिंग जवळ आलं की लातूर, परभणी, नांदेडकडून दोन प्रश्न हमखास येतात. तुमच्या वयाच्या पोरांना 'पडोसन'चं एवढं काय कौतुक? आणि त्यातलं 'एक चतुर नार' स्टेजवर बसवायचं तर कसं? दोन्हींचं उत्तर त्या गाण्याच्या बांधणीतच आहे.

सिनेमा १९६८चा. दिग्दर्शन ज्योती स्वरूप यांचं, गीतं राजेंद्र कृष्ण यांची, संगीत राहुलदेव बर्मनचं. भोलाला (सुनील दत्त) शेजारची बिंदू (सायरा बानू) आवडते, बिंदूला गाणं आवडतं आणि भोलाला गाता येत नाही. मग त्याचा गुरू विद्यापती (किशोर कुमार) लपून गातो, भोला खिडकीत नुसते ओठ हलवतो. हिंदी सिनेमातले बहुतेक हिरो आयुष्यभर हेच करतात. इथे ती लबाडी हीच गोष्ट झाली.

'एक चतुर नार' म्हणजे खिडकीतून खिडकीत रंगलेला गाण्याचा मुकाबला. समोर बिंदूचे गाण्याचे मास्तर, म्हणजे मेहमूद, आणि त्यांचा गाता गळा मन्ना डे यांचा. तयारीचा आवाज, सरगम चोख. विद्यापती मात्र सूर मध्येच मोडतो, भलतेच शब्द घुसडतो. मास्तर कमी गातात म्हणून हरत नाहीत. समोरच्यानं नियम नेमका कुठं मोडला, हे शोधण्यात ते अडकतात. मुखडाही आयता घेतलेला: १९४१च्या 'झूला'मध्ये तो किशोरचे थोरले बंधू अशोक कुमार यांनी गायला होता.

म्हणून पहिली गोष्ट: तुमच्यातला सगळ्यात तयार गळा मास्तरला द्या. सगळे उलट करतात. चांगला गाणारा विद्यापती होतो, मास्तर कुणीतरी हसवणारा पोरगा. मग मास्तर आधीच हरलेला दिसतो आणि मुकाबला उरतच नाही.

खिडक्या दोन, प्लायच्या चौकटी, तीन बाय चार फूट पुरे. मध्ये दहाएक फूट अंतर ठेवा. विद्यापती मास्तरला दिसू नये, पण प्रेक्षकांना पूर्ण दिसलाच पाहिजे. त्याला पडद्यामागं बसवलंत की भोलाच गातोय असं वाटतं आणि गंमत संपली. माईक दोनच असतील तर दोन्ही गाणाऱ्यांना. भोलाच्या हातात माईक नकोच. आपल्याकडं मंडपातले स्पीकर लोकांकडं तोंड करून असतात, स्टेजवर धड ऐकू येत नाही, आणि भोलाचे ओठ मागं पडतात ते त्यामुळंच. एक लहान स्पीकर विंगेतून आत वळवा.

पट्टी मास्तरच्या वरच्या सुरांवरून ठरवा, विद्यापतीनं जुळवून घ्यावं. लय सुरुवातीला मुद्दाम दाबून धरा. तबलेवाला पहिल्या टाळ्यांवर पळाला की सरगमेचा चोथा होतो. मूळ गाणं सहा मिनिटांच्या वर आहे. चार मिनिटंच मिळाली तर मधली फेरी कापा, पण मास्तर गाणं थांबवून तक्रार करतात त्या जागा कापू नका. हशा तिथंच आहे.

भोलाचा सराव आवाज न काढता, आधी फक्त स्वरांवर: आ, ई, ओ. लांब तान आली की त्यानं मान वळवावी, हात हवेत फिरवावा. तेवढ्यात चूक झाकते. विद्यापती अचानक वळण घेतो तिथं मात्र भोला अर्धी मात्रा उशिरा, तोंड उघडं असताना सापडला पाहिजे. हा उशीर आपोआप होत नाही, मोजून बसवावा लागतो.

मास्तरची दाक्षिणात्य बोली सिनेमात ताणून ताणून वापरली आहे, आणि आज तो भाग शिळा वाटतो. देगलूर-धर्माबादकडं तर घरी तेलुगू बोलणारी पोरं तुमच्याच वर्गात असतात. मास्तर साध्या बोलीत, पण ताठ ठेवा. त्याचा तोरा सुरांचा आहे, तो तेवढा पुरतो.

विद्यापतीच्या तोंडात पान हवंच, असं सगळे म्हणतात. खरं देऊ नका. गाताना ठसका लागतो. ओठ लाल करा आणि गालात जीभ धरायला शिकवा.