भांडलो म्हणून उरलो

आमच्या घराण्यात लिहिण्याची हौस कुणालाच नव्हती. गोव्यातल्या अंत्रुज महालातलं, म्हणजे आजच्या फोंड्याकडचं शेतकरी घर: डोंगराच्या कुशीत थोडं कुळागर, म्हणजे पोफळींची बाग, खाली भाताचे काही कुणगे, गोठ्यात बैल. तरीही एकोणिसाव्या शतकातली आमची हकीकत बऱ्यापैकी शाबूत आहे आणि त्याचं सगळं श्रेय भाऊबंदकीला जातं.

काकांच्या माळ्यावर फणसाच्या लाकडाची पेटी आहे. तिच्यात लाल फडक्यात बांधलेलं मोडी कागदांचं दप्तर. लग्न, बारसं, पेरणी, पूर, देवीची साथ यातलं काही त्यात शोधू नये. सुखात कागद कोण करतो? सगळ्यात जुना कागद बांधावरच्या एका झाडाचा आहे. जमीन एका भावाची, झाड दुसऱ्याचं. गोव्यात यात नवल काही नाही. पण त्या वादापायी पूर्वेला कोण राहत होता, झर कुठून निघायची, पाट कुणाच्या पोफळींतून जायचा, हे सगळं नोंदवलं गेलं. भावांनी मुकाट्याने गरे वाटून खाल्ले असते, तर आज त्यांची नावंही कळली नसती.

पाण्याच्या पाळीचा कागद मला सगळ्यात आवडतो. कुळागर म्हणजे पाणी. उन्हाळ्यात झर आटत आली की पोफळींना पुरवठा करणं मुश्कील, आणि त्यात वाटेकरी चार. घड्याळ घरात नव्हतं. म्हणून ठरलं असं की, थोरल्याने उजाडल्यापासून देवळातल्या दुपारच्या नौबतीपर्यंत पाट आपल्याकडे वळवावा, पुढे दुसऱ्याने. पुढच्याच कागदात तक्रार आहे की नौबत उशिरा वाजते आणि वाजवणारा थोरल्याच्या घरी जेवतो.

मोठा इतिहास या दप्तरात बिचकत बिचकतच शिरतो. सौंद्याच्या राजाकडून १७६३ साली अंत्रुज पोर्तुगीजांकडे गेलं, त्याचा आमच्या कागदांत मागमूस नाही. राजा बदलला तरी पाटाचं पाणी उताराकडेच जात होतं. रुपया बदलला तेव्हा मात्र घर हादरलं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला नवा रुपया आला, सोळा टंगांचा (टंगा म्हणजे गोव्यातलं आण्यासारखं नाणं). जुना दहा टंगांचा. आमच्यातल्या एकाने कर्ज काढलं होतं जुन्या रुपयांत, सावकार मोजायला बसला नव्यांत. पुढची पाच-सहा पानं निव्वळ गुणाकार-भागाकार आहेत, आणि माझ्या मते ती घराण्यातली सर्वांत प्रामाणिक पानं.

मग कायदा आला. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली, हिंदूंच्या रूढींची वेगळी संहिता १८८० साली निघाली. कर्ता माणूस गेला की वाटणीसाठी घरातल्या वस्तूंची यादी व्हायची. आमच्याकडच्या एका यादीत तांब्याचे हंडे, समया, भात मोजायचा कुडव, बैल दोन ‘पैकी एक म्हातारा’ आणि नांगर दोन ‘पैकी एक मोडका’, अशी नोंद आहे. मोडक्या नांगराचीही किंमत लावली आहे. कुणीतरी तो फुकट नेऊ पाहत असणार.

आता हा इतिहास एकतर्फी आहे, हेही खरं. आमची शेतं जे कसत, ती कुळं त्यात फक्त थकबाकीपुरती दिसतात: नाव, भाताची खंडी, बाकी. त्यांची भांडणं कागदावर जाण्याइतकी महाग नव्हती. पुरुष दिसतात, पण ओळखू येत नाहीत, कारण नातवाला आजोबाचं नाव. रामाचा विठ्ठल, विठ्ठलाचा रामा, पुन्हा रामाचा विठ्ठल. कुठल्या विठ्ठलाने कुठल्या रामावर फिर्याद केली, हे लावताना डोकं भणाणतं. देवळाच्या आवारात मूळपुरुषाची घुमटी आहे, तिथे वर्षाला नारळ ठेवून आम्ही मोकळे होतो. तो एकटाच कुणाशी भांडलेला नाही, म्हणून त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. भाच्याला पोर्तुगीज पासपोर्टासाठी वंशावळ हवी होती, तोही आजोबांच्या जन्मदाखल्यावर थांबला. रामा-विठ्ठलांपर्यंत यायची त्याला गरजच पडली नाही.

बायका जवळजवळ नाहीतच. एक अपवाद, एक विधवा. तिने दिराविरुद्ध अर्ज दिला. मागणी साधी: वर्षाचं भात, गाईचं दूध आणि वेगळी चूल. अर्ज कुणाकडून तरी लिहवून घेतला असणार, पण मध्येच वाक्यं अशी तडतडतात की लिहिणाऱ्यालाही ती आवरलेली दिसत नाही. दिराचं उत्तर जोडलेलं आहे: वहिनीकडे सोन्याच्या पाटल्या आहेत, त्या तिने लपवल्या आहेत. निकाल दप्तरात नाही. मात्र बऱ्याच वर्षांनी तिचं नाव पुन्हा एका कागदावर येतं. दिराच्या मुलाला बैलजोडीसाठी पैसे हवे होते. ते काकीने दिले, व्याजाने, आणि तारण म्हणून झरीलगतच्या पोफळी लिहून घेतल्या.