कोअर २ अखेर स्वतःच्या स्टॅकवर

मी लिहीत असलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोसेसरचे आठही कोअर उठल्याचं मागच्या वेळी कळवलं होतं. त्यानंतर मी फक्त आवराआवर केली: प्रत्येक कोअर उठवल्यावर स्क्रीनवर येणारी लॉगची ओळ काढून टाकली. तेव्हापासून खऱ्या मशीनवर दहातली तीन-चार बूट कोसळायला लागली. कधी पेज फॉल्ट (मेमरीच्या चुकीच्या पत्त्याला हात), कधी थेट ट्रिपल फॉल्ट (बिघाड हाताळतानाच पुन्हा बिघाड होऊन मशीन रीसेट). क्यूएमूत, म्हणजे मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, मात्र एकदाही नाही. ओळ परत टाकली की सगळं सुरळीत.

कोअर उठवताना त्याला आधी इनिट (रीसेटचा संकेत) आणि मग दोन सिपी (सुरू होण्याचे संकेत) जातात. इनिटनंतर थांबायचे १० मिलिसेकंद २० केले, काही फरक नाही. दोन सिपींमधले २०० मायक्रोसेकंद ५०० केले आणि बिघाड गायब! तिथेच थांबायचा मोह झाला, पण कारण न कळता आकडा वाढवणं मनाला पटेना. प्रोसेसरचा मोड बदलताना जीडीबी हा डीबगर गोंधळतो, त्यामुळे त्याच्या नादी न लागता फॉल्ट हँडलरमधून एपिक आयडी (कोअरचा क्रमांक) आणि आरएसपी (स्टॅकचा, म्हणजे कोअरच्या कामापुरत्या मेमरीचा, चालू पत्ता) छापले. चौथ्या संध्याकाळी दिसलं: कोअर २ चा आरएसपी कोअर ३ च्या स्टॅकमध्ये! दोघे एकाच स्टॅकवर, एकमेकांचे रिटर्न अ‍ॅड्रेस खोडत.

नवा कोअर उठल्यावर आधी जो छोटा कोड चालवतो, त्या हेक्स ८००० वरच्या ट्रॅम्पोलिनच्या शेवटी स्टॅकचा पत्ता ठेवायला एकच जागा आहे. बीएसपी (आधीपासून चालू असलेला पहिला कोअर) तिथे पत्ता लिहितो, इनिट-सिपी-सिपी पाठवतो आणि लगेच त्यावर पुढच्या कोअरचा पत्ता लिहितो. एपी (उठवला जाणारा कोअर) पहिल्याच सिपीला उठतो, पण रिअल, प्रोटेक्टेड, लाँग अशा प्रत्येक मोडला सिरियल पोर्टवर एक अक्षर टाकतो, तेही आधीचं पूर्ण बाहेर पडल्यावर. १,१५,२०० बॉडला एका अक्षराला सुमारे ८७ मायक्रोसेकंद लागतात. तिसरं टाकेपर्यंत १७४ गेले, त्यानंतर तो पत्ता वाचणार. २०० च्या इतक्या जवळ कधी एपी आधी पोचायचा, कधी बीएसपी. क्यूएमूतली अक्षरं तारेवरून जात नाहीत, म्हणून तिथे शांतता. आणि स्क्रीन सरकवायला काही मिलिसेकंद घेणारी ती लॉगची ओळच इतके दिवस क्रम सांभाळत होती.

आता एपी पत्ता उचलल्यावर पोच देतो आणि ती मिळेपर्यंत बीएसपी पॉझच्या लूपमध्ये थांबतो. १०० मिलिसेकंदांत पोच आली नाही तर त्या कोअरला पुन्हा इनिट, म्हणजे तो सिपीची वाट बघत बसतो आणि उशिरा उठून दुसऱ्याचा स्टॅक घेत नाही. काल सलग २०० बूट घेतली, एकही पडलं नाही. ती तीन अक्षरं मी ठेवली आहेत. सात वेळा उमटताना बघायला फार छान वाटतं.

पुढे हे कोअर शेड्युलरला (कोअरना कामं वाटणाऱ्या भागाला) जोडायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, ती एकच जागा हवीच कशाला? प्रोसेसरची माहिती देणाऱ्या सीपीयूआयडी या सूचनेला स्टॅक लागत नाही. प्रत्येक एपीने त्यातून आपला एपिक आयडी वाचावा आणि तक्त्यातून आपला स्टॅक शोधावा. मग सगळ्यांना एकदम इनिट देता येईल आणि १० मिलिसेकंद सात वेळा नाही, एकदाच जातील. लिनक्सनेही २०२३ मध्ये ६.५ आवृत्तीत समांतर सुरुवात आणली. आयडी सलग नसतात, म्हणून तक्ता एमएडीटीवरून (फर्मवेअर देतं त्या कोअरच्या यादीवरून) भरावा लागेल. शेड्युलर थांबेल, आज रात्री आधी हा तक्ता.