दारूवाल्याचा शब्द

मंगळवार, रात्र

डॅनिशमध्ये विकत घेण्याला 'क्योबे' म्हणतात. आज त्याची व्युत्पत्ती वाचली आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. बहुतेक भाषाभ्यासक या शब्दाचं मूळ लॅटिन 'काउपो'पर्यंत नेतात. काउपो म्हणजे खानावळवाला, किरकोळ दारू विकणारा.

रोममध्ये त्याला काडीचा मान नव्हता. इ. स. ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत कुणा गिऱ्हाइकानं भिंतीवर खरडून ठेवलंय की, बाबा, आम्हाला पाणी विकतोस आणि स्वतः मात्र बिनपाण्याची पितोस! तिथं दुकानदाराला हाच शब्द वापरलाय, फक्त बोलीतल्या रूपात, 'कोपो'. मला मात्र त्या शिव्या खाणाऱ्याबद्दलच माया वाटली. दुकानदाराच्या घरात वाढले, म्हणूनही असेल.

ऱ्हाइन नदीवर रोमन फौजांनी तळ ठोकले, आणि फौज आली की मागोमाग किरकोळ विक्रेते येणारच. पलीकडच्या जर्मानिक टोळ्यांनी त्यांच्याकडून माल घेतला, शब्दही घेतला. जर्मन 'काउफेन' त्यातूनच आलं. इंग्रजी 'चीप'सुद्धा! जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सौदा, व्यापार. लंडनचं चीपसाइड म्हणजे मुळात बाजारपेठ. फिनिश तर वेगळ्याच भाषाकुळातली, पण तिथंही दुकानाला 'काउप्पा' म्हणतात.

डेन्मार्क रोमन साम्राज्यात कधीच नव्हतं. तरी लोलान बेटावर होबी इथं १९२० मध्ये एका सरदाराच्या कबरीत चांदीचे दोन रोमन पेले सापडले. एकावर ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम मुलाचं प्रेत परत मागायला ग्रीक योद्धा अकिलीसपुढे गुडघे टेकून बसलाय. पेल्यांवर 'सिलिउस' हे नाव कोरलंय, आणि त्याच काळात याच नावाचा सेनापती ऱ्हाइनवर होता. असे पेले बहुधा नजराणा म्हणून जातात, बाजारात विकले जात नाहीत. म्हणूनच मला 'क्योबे' जास्त मोलाचा वाटतो. तो कुणी नजर केला नाही. घासाघीस करणाऱ्या माणसांच्या तोंडून तो उत्तरेला सरकत गेला.

आणि कोपनहेगन! त्या नावातही हाच शब्द लपलाय. मूळ गावाचं नाव नुसतं 'हाउन', म्हणजे बंदर. बाराव्या शतकात बिशप आबसालोननं तिथं किल्ला बांधला, व्यापार वाढला आणि नावात 'बंदर'च्या आधी 'व्यापारी' येऊन बसले. डॅनिश उच्चारात आता ते झिजलंय. आइसलँडिकमध्ये मात्र नाव अजून सबंध आहे: काउपमान्नाहप्न, व्यापाऱ्यांचं बंदर.