पेनेलेची गल्ली, क्रेसेकचा पुतळा आणि पाच हेक्टरचा कायदा

इंडोनेशियात पूर्व जावातल्या सुराबायाला उतरलेला माणूस सहसा ब्रोमो ज्वालामुखीची गाडी धरतो. राजकारणाची आवड असेल आणि इथल्या इस्लामी संघटना आणि कम्युनिस्ट यांचं भांडण समजून घ्यायचं असेल तर माझं ऐका, आधी पेनेलेची सातवी गल्ली गाठा. गल्ली अरुंद आहे, मोटार आत जात नाही. ॲपवरून दुचाकी बोलवा, नाहीतर मोठ्या रस्त्यावर उतरून चालत जा. सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालयं बहुधा बंद असतात.

हे डच काळातल्या सारेकत इस्लाम या मुस्लिम संघटनेचे पुढारी चोक्रोअमिनोतो यांचं घर. पोटमाळ्यावर, छपराला डोकं लागेल अशा जागी, देशाचे पुढचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो विद्यार्थी असताना राहायचे. मुस्सो हाही इथलाच, तो पुढे कम्युनिस्ट झाला. चोक्रोअमिनोतोंचा सचिव कार्तोसुविर्यो इस्लामी राज्यासाठी बंड करून उठला. सुकार्नो राष्ट्राध्यक्ष असताना मुस्सो १९४८ मध्ये सरकारी सैन्याच्या गोळीला बळी पडला आणि कार्तोसुविर्योला १९६२ मध्ये मृत्युदंड झाला. एकाच गुरूचे हे तीन चेले!

इस्लामवादी आणि कम्युनिस्ट यांच्या भांडणाची पहिली ठिणगी याच शहरात पडली. १९२१ च्या ऑक्टोबरमधल्या अधिवेशनात आगुस सालिम आणि अब्दुल मुइस यांनी ठराव रेटला की सारेकत इस्लामच्या सभासदाला दुसऱ्या पक्षात राहता येणार नाही. रोख कम्युनिस्टांवर होता. समाजवाद वाईट, असं मात्र सालिम म्हणत नव्हते. जे हवं ते आपल्या धर्मात आहेच, मग मार्क्सकडे कशाला जायचं, असा त्यांचा मुद्दा. चोक्रोअमिनोतोंनी तर १९२४ मध्ये इस्लाम आणि समाजवाद यांवर पुस्तकच लिहिलं.

पुढचा टप्पा मादियुन, १९४८ च्या कम्युनिस्ट उठावाचं शहर. रेल्वे गुबेंग स्टेशनवरून धरा. पासार तुरीला गेलात तर फसाल, तिथल्या बहुतेक गाड्या उत्तर किनाऱ्याने समारांगकडे जातात. तिकिटावरचं नाव पासपोर्टबरहुकूम हवं, फलाटावर सोडताना तपासतात. जलद गाडीला साधारण दोन तास लागतात. तिथून क्रेसेक गाव आठेक किलोमीटर. जायला टॅक्सी मिळते, परतीची मिळता मिळत नाही, म्हणून चालकाला थांबवूनच ठेवा.

क्रेसेकच्या स्मारकात पायऱ्या चढून गेलं की पुतळा दिसतो: गुडघ्यांवर बसलेला म्हातारा कियाई, म्हणजे निवासी मदरशाचा प्रमुख, आणि त्याच्यावर शस्त्र उगारलेला माणूस. १९४८ च्या उठावात कम्युनिस्टांनी कियाईंना मारलं, हे खरंच आहे. पण धर्म विरुद्ध नास्तिक एवढ्यावरच पुतळा थांबतो, आणि मला तो तिथेच अपुरा वाटतो.

कारण पूर्व जावात पुढचा संघर्ष पेटला तो जमिनीवरून. १९६० च्या कायद्याने सर्वांत दाट वस्तीच्या भागात भातजमिनीची कमाल मर्यादा पाच हेक्टर, म्हणजे सुमारे साडेबारा एकर ठरली. बटाईच्या कायद्याने कुळाचा वाटा वाढवला. आपल्याकडच्या कूळकायद्याच्या गोष्टी घरात ऐकलेल्यांना पुढचं सांगायला नको. जमीनदारांमध्ये हाजी होते, कियाई होते आणि पेसांत्रेन, म्हणजे त्यांचे निवासी मदरसेही जमिनीच्या उत्पन्नावर चालत. जादा जमीन वक्फ केली की ती वाटपातून सुटे. अंमलबजावणी रखडली तशी १९६४ पासून कम्युनिस्टांची शेतकरी संघटना स्वतःच शेतात उतरून जमिनी ताब्यात घेऊ लागली. समोर नहदलातुल उलेमा या कियाईंच्या संघटनेची, जी तेव्हा राजकीय पक्षही होती, तरुण शाखा अन्सोर उभी राहिली. केदिरीजवळच्या कानिगोरो गावात जानेवारी १९६५ मध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या शिबिरावर जमाव चालून गेला, तेव्हा वातावरण हाताबाहेर गेलंच होतं.

फतवे आधीच निघाले होते. मास्युमी या दुसऱ्या इस्लामी पक्षाच्या धर्मपंडितांनी १९५४ मध्येच साम्यवादाला कुफ्र, म्हणजे धर्मद्रोह ठरवलं होतं. नहदलातुल उलेमा मात्र सुकार्नोंच्या राष्ट्रवादी-धार्मिक-कम्युनिस्ट मोटेत राहिली. १९५५ च्या निवडणुकीत तिला १८.४ टक्के मतं होती आणि कम्युनिस्टांना १६.४, त्यामुळे सत्तेबाहेर राहणं तिला परवडणारं नव्हतं.

१९६५ च्या अखेरीस लष्कराच्या पाठबळावर अन्सोरचे लोक कम्युनिस्टांना मारत गावोगावी फिरले. देशभरात मेलेल्यांचा अंदाज पाच लाखांपासून दहा लाखांपर्यंत जातो. त्यांच्यासाठी क्रेसेकसारखं स्मारक नाही. मादियुनमध्ये १९४८ बद्दल विचारलंत तर लोक बोलतात, १९६५ चा विषय मात्र यजमानाने काढल्याशिवाय काढू नका. मार्क्सवाद-लेनिनवादावरची १९६६ ची बंदी कायम आहे, आणि विळा-हातोड्याच्या टी-शर्टावरून लोकांना पोलीस ठाण्यात नेल्याची उदाहरणं आहेत. तसला शर्ट बॅगेत असेल तर घरीच ठेवून निघा.